फादर बुल्के आणि आमचं हुडको

भिलाईच्या हुडको वसाहतीत संध्याकाळ उतरते तीच मुळी कोचिंग क्लासच्या सायकलींवरून. पाठीवर दप्तर नव्हे, घराण्याचं भवितव्य लादलेली पोरं परततात आणि फाटकाशी उभ्या आया आधी मार्क विचारतात, मग भूक. अशा वस्तीत फादर कामिल बुल्के यांचं चरित्र सांगायचं म्हणजे पंचाईतच. लूव्हेनला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा 1930 साली जेझुइट संघात जातो, काही वर्षांनी बेल्जियम सोडून हिंदुस्थानात येतो आणि पुढचं आयुष्य तुलसीदासाच्या नादात घालवतो. शेजारच्या काकूंना हे सांगावं, तर त्या आवाज खाली आणून विचारतील, "का हो, प्लेसमेंट नव्हती मिळाली?"

आमच्या घरी फादर आले ते कोशाच्या रूपाने. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश 1968 साली निघाला आणि पुढे कधीतरी आमच्या फडताळात, पंचांगाशेजारी, कायमचा राहायला आला. पुठ्ठा निसटलेला, पाठीला खाकी चिकटपट्टी, एका पानाच्या कडेला हळदीचं बोट. बाबा वऱ्हाडातून इथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला आलेले. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, कागदावर हिंदी. अर्ज लिहिताना अडलं की म्हणायचे, "जरा बुल्के काढ रे." रशियनांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कारखान्यात एक वऱ्हाडी माणूस बेल्जियन पाद्र्याला विचारून हिंदीत रजा मागत होता, आणि यात कुणालाच काही नवल वाटत नव्हतं. भिलाई हे असंच गाव आहे. इथे सगळेच बाहेरचे, त्यामुळे परका कुणी उरलाच नाही.

फादरना मात्र नवल वाटलं होतं, आणि रागही आला होता. ते फ्लेमिश. आपल्याच देशात फ्रेंचच्या तोऱ्यापुढे मायबोलीने अंग चोरून बसावं, हे त्यांनी विद्यार्थिदशेत सोसलेलं. इथे येऊन पाहतात तो शिकलेली माणसं इंग्रजीपुढे तशीच अंग चोरून बसलेली! आजच्या झारखंडातल्या गुमल्यात त्यांनी मुलांना गणित शिकवलं आणि स्वतः हिंदी शिकत राहिले. पुढे अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवर प्रबंध लिहायला बसले, तर नियम असा की प्रबंध इंग्रजीतच हवा. हिंदी साहित्यावरचा प्रबंध, हिंदी प्रदेशातलं विद्यापीठ, आणि हिंदीत लिहू द्या म्हणून हटून बसलेला कोण, तर हा गोरा साधू. अखेर नियम बदलला. 'रामकथा : उत्पत्ति और विकास' हा ग्रंथ 1950 साली छापून आला. देशोदेशीच्या तीनशे रामकथा त्यांनी मोजल्या, असं अभ्यासक सांगतात. ऐकायला कमी येऊ लागलं, तसा वर्गातला वावर आटला आणि अभ्यासिकेतला वाढला. बाहेरचा गलका विझत गेला असेल, तसतशी शरयू अधिक स्पष्ट ऐकू आली असेल, असं मला उगीच वाटतं.

गोव्यात 1579 साली उतरून मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स आपल्याला ठाऊक असतात. ते आपले, म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. बुल्के मात्र हिंदीवाल्यांचे म्हणून सोडून देतो. मला हा हिशेब पटत नाही.

कारण आमच्या छत्तीसगडात रामाला भाचा मानतात. कौसल्येचं माहेर इकडचं, म्हणून इथे मामाच भाच्याच्या पाया पडतो. पिकल्या मिशांचा माणूस सात वर्षांच्या पोरापुढे वाकताना पाहिला की नव्या माणसाला हसू येतं, आणि मग हळूहळू ते हसू डोळ्यांत उतरतं. भाच्याच्या गोष्टी तीनशे दारांतून गोळा करून आणणारा माणूस मामा नाही तर कोण? तोही कसा, तर शेवटपर्यंत येशूचा निष्ठावंत सेवक, बायबल हिंदीत आणण्यासाठी झिजलेला. दोन्ही निष्ठा एकाच पांढऱ्या झग्यात सुखाने नांदल्या. आणि मामाचं जन्मगाव कुठलं म्हणाल, तर राम्सकापेल!

त्यांनी 1951 साली भारताचं नागरिकत्व घेतलं, 1974 साली पद्मभूषण मिळालं, आणि 17 ऑगस्ट 1982 रोजी दिल्लीत ते गेले. तिथल्या दफनभूमीतून त्यांचे अवशेष 2018 साली रांचीला, ते जिथे शिकवत त्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणले गेले. कधी रांचीला गेलात तर जाऊन या. फक्त रस्ता इंग्रजीत विचारू नका.