कंसातली चव

युरोपात सगळ्यात चांगलं काय खाल्लं, असं मला कोणी विचारत नाही. म्हणून मीच विषय तिथवर ओढत नेतो. स्टेशनाजवळच्या टपरीवर कोणी आलूबोंडा मोडला की मी म्हणतो, "आलूवरून आठवलं..." आणि दोन मिनिटांत गाडी इटलीत. मग डोळे अर्धे मिटायचे, आवाज थोडा खाली आणायचा आणि सांगायचं, "पिझ्झा खावा तर नापोलीत. बाकी सगळे मैद्यावरचे अत्याचार."

खरं काय ते इथे सांगून टाकतो, कारण हे वाचणारे टपरीवर येत नाहीत. आमच्या सहलीत नापोली नव्हतंच. अकरा दिवसांच्या सहलीत दहा रात्री जिरा राइस, पनीर आणि पिवळी डाळ. पॅरिसात सकाळी पोहे मिळाले, तेही तर्रीशिवाय. म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने आजाऱ्याचे. इटलीत आमची बस एका पेट्रोल पंपावर पंधरा मिनिटं थांबली. त्यातली दहा मिनिटं सुटी नाणी शोधण्यात गेली, कारण तिकडे लघवीलाही पैसे पडतात. उरलेल्या पाचात पिझ्झ्याचा एक तुकडा घेतला. बायकोने पर्समधून लिंबाच्या लोणच्याची पुडी काढली, अर्धा तुकडा लावून खाल्ला आणि निकाल दिला, "कच्चट आहे." नापोली तिथून किती दूर होतं ते ड्रायव्हरला माहीत.

पण टपरीवर मी नापोली म्हणतो. चाळीस वर्षं वर्गात भूगोल शिकवला आहे. एवढी सवलत मिळायला हवी.

टपरीवरच्या सभेत आम्ही चौघं. एक मी. एक निवृत्त पोस्टमन काका. एक पानठेलेवाला, जो खर्रा घोटता घोटता फक्त शेवटचं वाक्य बोलतो. चौथे माझे साळे, पुण्यात स्थायिक. पोळ्याला आणि दिवाळीला येतात आणि आल्यापासून जाईपर्यंत आमचं काय चुकतं ते सांगतात. विषय ठरलेला: जगातलं सगळ्यात चांगलं जेवण कोणतं आणि ते कुठे मिळतं. आमच्यासमोरून मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या धडधडत जातात, बहुतेक न थांबता. पँट्री कारमधल्या फोडणीचा वास तेवढा आमच्या वाट्याला येतो. जगाचं जेवण रोज नाकासमोरून जाणाऱ्या गावाने या विषयावर बोलायचं नाही, तर कोणी बोलायचं?

यंदाच्या पोळ्याला साळ्यांनी मिशेलिन काढलं. पुण्याच्या माणसाला एक तारा, दोन तारे, तीन तारे असं बोलताना ऐकलं की मला उगाच शाळा तपासणी आठवते. मी लगेच भूगोल बाहेर काढला. म्हटलं, "ती टायरची कंपनी आहे. 1900 साली त्यांनी मोटारवाल्यांसाठी फुकट पुस्तिका काढली. लोक जेवायला लांब लांब जातील, टायर झिजतील, नवे घेतील. तारे 1926 पासून. तीन ताऱ्यांचा अर्थ: मुद्दाम प्रवास करून जावं असं ठिकाण."

"म्हंजे बैलानं जेवाचं हॉटेल सांगाचं," पानठेलेवाला म्हणाला, "अन् नाल ठोकणाऱ्यानं पैसे कमवाचे."

मिशेलिन तिथेच पंक्चर झालं. साळ्यांनी मग कोपनहेगनच्या नोमाचं नाव घेतलं, जिथे पदार्थावर जिवंत मुंग्या घालून देत असत. पोस्टमन काकांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या घरच्या गुळाच्या डब्यात ही सोय पहिल्यापासून आहे.

मग मी माझं हत्यार काढलं. नापोलीची पिझ्झा करण्याची कला 2017 साली युनेस्कोच्या यादीत गेली. त्याआधी 2010 मध्ये युरोपीय संघाने नियम केले: व्यास पस्तीस सेंटिमीटरच्या आत, लाकडाच्या भट्टीची उष्णता 485 अंश, भाजायचा वेळ साठ ते नव्वद सेकंद. मी हे आकडे असे सांगितले, जणू भट्टीत सरपण मीच घालत होतो.

"मंग रोडग्याचा घेर किती पाह्यजे?" पोस्टमन काकांनी विचारलं.

सभा गंभीर झाली. रोडगा म्हणजे काय ते विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगताना मला नेहमी अडचण येते, कारण सांगितल्यावर तो खाण्याचा पदार्थ वाटत नाही. जाडसर कणकेचे थर देऊन वळलेले गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात टाकायचे, राखेत गाडायचे, बाहेर काढून धोतराच्या सोग्याने झटकायचे आणि फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, जिच्या तेलाचा तवंग पाहून डॉक्टर लोक दुरूनच हात जोडतात. पानगा त्याचा भाऊ, पण तो पळसाच्या पानांत गुंडाळून आरात जातो, जरा नाजूक. रोडग्याची उष्णता किती? मारुतीच्या देवळामागे बसलेला म्हातारा हात धरून सांगेल तितकी. वेळ किती? भजन संपेपर्यंत. एवढ्यावर युनेस्को अर्ज घेईल असं वाटत नाही.

"अरे, पण विदर्भात तिखट सोडून आहे काय?" साळे म्हणाले.

इथे माझं डोकं फिरतं. नागपूरच्या हलबा कोष्ट्यांनी मागाच्या खटखटीत जन्माला घातलेली सावजीची भाजी. तिला जवसाचं तेल, खसखस, वाटलेल्या मसाल्याची एवढी मोठी बिरादरी. आणि बाहेरून येणारा माणूस मोबाइल समोर धरून डोळ्यांतून पाणी काढतो आणि म्हणतो, विदर्भ जिंकला. तिखट ही चव आहे, कुस्ती नाही. आमच्या सांबारवडीत तर तिखटापेक्षा सांबारच जास्त असतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. हे मी साळ्यांना बावीस वर्षांपासून सांगतो आहे, आणि दरवेळी ते सांबारवडीसोबत इडली कुठाय म्हणून विचारतात. पुण्याला हा विनोद वाटतो.

तर अशा वेळी मी वर्धा जिल्ह्याची इज्जत राखायला थेट गांधीजींकडे जातो. टपरीवर हे सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो.

त्याआधी कंसाचं सांगायला हवं. आमचं गाव सिंदी, पण कागदावर सिंदी (रेल्वे). वर्ध्याजवळ सिंदी (मेघे) आहे, म्हणून आमच्या नावाला हे शेपूट. पोस्टमन काकांच्या मते हा कंस नसता तर आमच्या निम्म्या लग्नपत्रिका मेघ्यात गेल्या असत्या आणि अहेरही तिकडेच अडकला असता. सेवाग्रामचंही तसंच. ते मूळचं सेगाव. गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले. पण त्यांचं टपाल बुलडाण्याकडच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून 1940 मध्ये गावाचं नावच बदललं. काकांना यात अन्याय दिसतो. "त्यायले अख्खं नाव भेटलं, आपल्याले नुसता कंस." वर गंमत अशी की सिंदी म्हणजे ताडी देणारं झाड, आणि जिल्हा दारूबंदीचा. आता गावाजवळ ड्रायपोर्टचं काम काढलं. कोरड्या जिल्ह्यात कोरडं बंदर. निदान या बाबतीत सरकार एका शब्दावर ठाम आहे.

तर 1942 च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार एक आठवडा सेवाग्रामला राहिला. आमच्या जिल्ह्यात मुद्दाम प्रवास करून जेवायला आलेला हा बहुधा एकमेव आंतरराष्ट्रीय पाहुणा; मिशेलिनच्या व्याख्येने सेवाग्रामला तीन तारे तेव्हाच मिळायला हवे होते. जूनचा वर्धा! बिचारा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या टबात बसायचा आणि समोर टाइपरायटर ठेवून लिहायचा. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल सख्ख्या भावासारखं वाटतं, कारण मीही मेमध्ये पेपर तपासताना पाय बादलीत सोडून बसायचो. पण उन्हापेक्षा त्याला जेवणाने गाठलं. रोज तोच शिजवलेल्या भाजीचा लगदा. काही दिवसांत त्याने हात आखडला. गांधीजींनी विचारपूस केली आणि सुचवलं, मीठ आणि लिंबू भरपूर घ्या. म्हणजे चव मारून टाकू म्हणता, असं फिशरने विचारलं, आणि म्हातारा खळखळून हसला. फिशरने या आठवड्यावर पुस्तक लिहिलं, 'अ वीक विथ गांधी'. एक आठवडा अळणी जेवलं की माणूस पुस्तक लिहितो, हे तेव्हा सिद्ध झालं.

यातलं मीठ लक्षात ठेवा. कारण मिठाची खरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे. कस्तुरबा आजारी होत्या. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला कोणी सोडायला सांगितलं तर तुमच्यानेही सुटणार नाही. झालं. गांधीजींनी जागच्या जागी वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. कस्तुरबा रडल्या, शब्द मागे घ्या म्हणाल्या. ते ऐकायला तयार नाहीत. ही गोष्ट त्यांनी आत्मकथेत मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. मला ती वाचताना दरवेळी कस्तुरबांचीच बाजू पटते. आजारी त्या, आणि व्रताचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यात! असा नवरा असेल तर मिठाशिवायही रक्तदाब चढेल. आणि हाच माणूस पुढे 1930 मध्ये मूठभर मिठासाठी दांडीपर्यंत चालत गेला.

ही गोष्ट मी आईला सांगितली, ती आमची मोठी चूक. आमची म्हणजे माझी.

आई एक्क्याऐंशीची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिचं मीठ जवळजवळ बंद केलं. लोणचं, पापड, ठेचा, सगळ्यांना रजा. लिंबू चालतं. म्हणजे फिशरला मिळालेल्या सल्ल्यातलं अर्धंच औषध तिच्या वाट्याला आलं. ही तीच बाई, जिला लग्नघरचे आचारी पाटोडीचा रस्सा उकळला की बोलावणं पाठवायचे. ती पळी तळहातावर टेकवायची, चाटायची आणि "अजून" किंवा "पुरे" एवढंच म्हणायची. अपील नाही. आता तिच्या ताटात उकडलेला दुधी असतो. तिला उभारी यावी म्हणून मी कस्तुरबांची गोष्ट रंगवून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "मंग त्यायनं सोडलं ना मीठ? तू काऊन नाही सोडत, बाबू?"

मी शिक्षक. उत्तर येत नसेल तर छाती काढायची, हे मला येतं. म्हटलं, "सोडलं. आजपासून." एक वर्ष म्हणणार होतो, पण तोंडातून एक आठवडा निघालं.

दुपारी आईसोबत बसलो. तूरडाळीचं वरण जिभेवर आलं आणि ओळख न दाखवता निघून गेलं. दुधीने तर तोंडात येण्याचीही तसदी घेतली नाही. हात जिथे न्यायचा तिथे तो गेला, एवढंच. समोर आई सावकाश जेवत होती, मीठ असताना जेवायची तशीच, घासाघासाला थांबून. दोन वर्षं. दिवसातून दोनदा. आणि मी तिच्याच शेजारी बसून रोज पापड मोडत होतो, चुरचुर आवाज करत, आणि वर तिला नापोलीच्या भट्टीचं तापमान सांगत होतो. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

चार वाजता टपरीवर गेलो. व्रत सहा तास टिकलं; त्यातले दोन तास मी झोपलो होतो.

घरी आल्यावर आईने जवळ बोलावलं, शर्टाची बाही नाकाशी नेली. "आलूबोंडा," ती म्हणाली. "तेल कालचं होतं. सांबार टाकला नव्हता." मी खाली पाहिलं. "गरम होता काय?" हो म्हटलं. "मंग सांग ना."

तेव्हापासून हा नेम झाला आहे. संध्याकाळी परत आलो की ती बाही हुंगते आणि मी सांगतो: वरचं पीठ कुरकुरीत होतं की मऊ पडलं होतं, मिरची दाताखाली कधी आली, तर्रीवर तेल किती तरंगत होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोट्टी लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला आली, तेव्हा त्यांना दिलेल्या करंजीचंही वर्णन द्यावं लागलं. सुरुवातीला मी थोडं वाढवून सांगायचो, टपरीची सवय. ती लगेच पकडायची. "एवढी खसखस कोणी टाकत नाही," म्हणायची. आता मोजकं बोलतो. टपरीवर माझी बोलण्याची वेळ कमी झाली आहे, खाण्याकडे लक्ष जास्त असतं. पोस्टमन काकांना वाटतं मला साखरेचा आजार निघाला.

परवा तिने पिझ्झा मागितला. म्हणजे सांगायला सांगितला. मी घसा साफ करून नापोलीची भट्टी पेटवली, 485 अंशांपर्यंत नेली. ती डोळे मिटून ऐकत होती. पेट्रोल पंपाचं बायकोने तिला चार वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"ते असू दे," ती म्हणाली. "सूनबाईनं लिंबाचं लोणचं लावलं होतं ना त्याले? माह्यावालं?"

"हो."

"त्या साली घातलेलं का आदल्या सालचं?"

मी आठवून पाहिलं. "आदल्या सालचं."

"मंग मुरलं असन," ती म्हणाली. "सांग."