बैल पोराचा, घाम बापाचा!

अगं बाई, ऐकलं का? श्रावण उतरणीला लागला की आपल्या केदारखेड्यात चांगली शहाणीसुरती माणसं चिखलात हात घालून बसतात! पोरांचं सोडा, त्यांना चिखल म्हणजे माहेरच. पण इस्त्रीच्या शर्टातले बाप? स्टेटस टाकणाऱ्या आया? एकेकाळी ह्याच चिखलापायी पाठीत धपाटे बसायचे. आता म्हणे शहरात पैसे भरून पोरांना चिखलात धाडतात. काय बाई जमाना!

निमित्त पोळ्याचं, म्हणजे श्रावण अमावास्येचं. दावणीला खरा बैल उरला नाही, अंगणात ट्रॅक्टर उभा; मग पुजायला मातीचा बैल तरी हवाच. शिंगं बाभळीच्या काट्यांची, डोळे ज्वारीच्या दाण्यांचे, पाठीवर पळसाच्या पानाची झूल. वशिंड मात्र पोरं एवढं मोठं करतात की बैल आहे की उंट, देवच जाणे. आणि तेच तर बघण्यासारखं असतं!

पण बापाला ते बघवतं का? ‘आण इकडे’ म्हणून गोळा हिसकावतो. तास-दीड तास पाय सरळ करतो, माथोटी रंगवतो, फोटो काढतो. पोरगं बाजूला मुंग्या मोजतंय. आणि नाव कुणाचं लागतं? पोराचं! ही सरळसरळ फसवणूक नाही तर काय?

वर आपली काळी माती पडली मानी. ओली असताना फुगते, वाळली की आकसते. नुसत्या मातीचा बैल उन्हात ठेवला की संध्याकाळपर्यंत पोटाला भेग. जाणत्या बाया मातीत शेण न् बारीक भुस्सा मळतात आणि बैल सावलीत वाळवतात. हे काही व्हिडिओवाले सांगत नाहीत हो.

नागपूरकरांची तर वेगळीच तऱ्हा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. 1806 साली दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला, असं सांगतात. आपल्याला राजा नको न् लाकूडही नको. माती फुकट आहे.

तेव्हा बापहो, यंदा माती मळून द्या आणि लांब बसा. बैलाला तीन पाय झाले तरी चालतील. आणि हो, माती वावरातून आणा. पावसाळ्यात पूर्णेच्या काठी पोरं एकटी धाडू नका.