सरकारी आत्याबाई

बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते, पाठीत धपाटे खाते, घुगऱ्या वाटते आणि पाच मिनिटांत नाव कायम होतं. पुढे ते बदलायची हुक्की आली, की मात्र दुसरी आत्या गाठावी लागते. हिचं सासर-माहेर दोन्ही मुंबईत, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात. ही कानात काही सांगत नाही. फी घेते, कागदपत्रं मागते आणि महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुनं नाव, नवं नाव छापून मोकळी होते. वर सूचना अशी, की या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनावर नाही. म्हणजे नाव मीच जाहीर करते, पण माझ्या भरवशावर राहू नका! आमच्या घराण्यात असली आत्या असती तर तिला धपाटे तेवढे मिळाले असते, घुगऱ्या नाहीत.

बिननावाच्या बाळाशी कायदा फार मायेने वागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 प्रमाणे पहिल्या वर्षात नाव फुकट लावून मिळतं. पुढे विलंब शुल्क भरलं की 15 वर्षांपर्यंत चालतं. चिरंजीवांना मिसरूड फुटेपर्यंत दप्तरात ‘बेबी ऑफ’ राहायची सोय आहे. एकदा नाव चढलं, की मात्र कलम 15. नोंद चुकली असेल तर दुरुस्ती होते. ‘आता आवडत नाही’ याला रकाना नाही.

मग आई-बाप चूक शोधतात. अंकशास्त्रवाल्या गुरुजींनी दक्षिणा घेऊन स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घातलेला असतो. तो भाग्यवर्धक ‘ए’ जन्मतःच होता, मेल्या कारकुनाने खाल्ला, असं प्रतिज्ञापत्र होतं. नोटरी शिक्का मारतो. कारकून बिचारा तोवर निवृत्त झालेला.

आधारवाले हिशेबाला पक्के. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. कन्या बालवाडीत असतानाच तिच्या वाट्याची एक संधी त्या ‘ए’पायी खर्च होते. उरलेली एक. त्यात तिने लग्नानंतर आडनाव बदलायचं, की अठरा वर्षांची झाल्यावर आई-बापांनी हौसेने ठेवलेलं ‘संस्कृत’ नाव, हे तिचं तिने बघावं.

शाळेची तऱ्हा याहून न्यारी. पोरगं रोज पहिल्या बाकावर बसून बाईंच्या डोक्यावर मिरे वाटतं. पण शाळेच्या नोंदीतलं आणि आधारमधलं नाव एका अक्षराने जुळलं नाही, तर शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या लेखी ते हजरच नसतं. अशी चार-पाच पोरं निघाली की बाईंचं पदच धोक्यात. म्हणून हल्ली बाई पाढ्यांआधी आधार तपासतात. त्यांचंही पोट आहे.

आता चुकीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना सरकारी समारंभात नवी नावं दिली. पाहुणे, प्रमाणपत्रं, टाळ्या, फोटो, सगळं यथासांग झालं. नुसतं कलम 15 घेऊन कुणी गेलं असतं, तर पंचाईत होती. त्या नोंदीत लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. घरच्यांच्या मनात होतं तेच, काना-मात्रेचा फरक न करता, दप्तरात उतरलं होतं.