खाऱ्या पाण्याचे यजमान

पौड रस्त्याने भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटात शिरलं की पाट्या लागतात त्या मटणाच्या: चुलीवरचं, हंडीतलं, काळं, अळणी, गावरान. मटणाबद्दल ठाम मत नसलेला माणूस या पट्ट्यात सापडणं कठीण. असं असूनही इथला एक गृहस्थ घरात काही मोठं घडलं की अख्खं खटलं दोन गाड्यांत कोंबतो, ताम्हिणी घाट उतरतो आणि दिवेआगरला, अलिबागला, हल्ली तर थेट गोव्याला, समुद्राकाठच्या भारीतल्या हॉटेलात सगळ्यांना मासे खायला घालतो. त्याला आपण शेठ म्हणू. गावही तेच म्हणतं. वय पन्नाशीच्या आतबाहेर, थोडी जमीन प्लॉटिंगमध्ये गेलेली, दोन टेम्पो कंपनीला लावलेले. निमित्त लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं, पोरीच्या पहिल्या पगाराचं किंवा ग्रामपंचायतीत निवडून आल्याचं. हा सगळा दिखावा, असं भावकी म्हणते. माझं म्हणणं वेगळं आहे. शेठ मासे निवडतो, कारण त्या विषयातलं त्याच्या घरात कुणालाच काही कळत नाही.

दिखावा करायचा तर तो पिरंगुटात करावा, जिथं बघणारे आहेत. समुद्राकाठी शेठला कुत्रं ओळखत नाही. माशांच्या चवीसाठी जातो म्हणावं, तर चांगली सुरमई कोथरूडलाही मिळते. मुंबईत खवय्ये ज्यांची नावं घेतात ती त्रिष्णा आणि जुनं महेश लंच होम ही दोन्ही फोर्टच्या गल्लीबोळांत आहेत; तिथल्या टेबलावरून समुद्र दिसत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. म्हणजे खरं कारण दुसरीकडेच शोधायला हवं. घरी मटण शिजलं की पंगतीतला प्रत्येक जण परीक्षक असतो. सासऱ्यांना वाटण कच्चं लागतं, चुलत्याला बोकड जून वाटतो, आणि आईच्या हाताची चव तर कुणाच्याच हाताला येत नाही. सुरमईला मात्र आईच्या हाताची चवच नाही. आईनं ती जन्मात केलेली नाही. घरात यायचं ते सुकट नाहीतर सुके बोंबील, तेही तव्यावर टाकण्याआधी खिडक्या लावून. धरणातला रोहू, कटला, चिलापी पोरं आणतात, पण त्या माशांत शेठचा जीव रमत नाही, कारण ते सगळ्यांनाच कळतात. अधिकार गाजवायचा तर प्रांत परका हवा.

अडचण पंचांगाची. जून-जुलैत मासेमारीला बंदी. त्याच सुमारास आखाड, पण तो मटणाचा. मग श्रावण, पाठोपाठ गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र. पुढेही सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी वजा करायच्या. म्हणून जुलैत झालेल्या लग्नाचा वाढदिवस या घरात नोव्हेंबरात साजरा होतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

खरा शेठ बघायचा तो मासा निवडताना. मेनूकार्डात इतर पदार्थांपुढे आकडे असतात. पापलेट, लॉबस्टर आणि खेकड्यापुढे 'एपीएस' अशी तीन अक्षरं असतात. जसा आकार, तसा भाव. नेमकी हीच तीन अक्षरं शेठला आवडतात, कारण आकडा छापलेला असला की घासाघीस खुंटते. वेटर बर्फावर मांडलेले मासे थाळ्यातून घेऊन येतो. बाजारात बैलाचे दात बघावेत तसा शेठ पापलेटाचा गलफडा अंगठ्यानं उचलतो, आत लाल आहे का बघतो, मग शेजारी दाबून पांढरं पाणी येतं की तांबूस ते तपासतो. डोळा फुगीर हवा, खोल गेलेला नको. हे ज्ञान खरं आहे, फक्त मोबाइलवरून आलेलं आहे. सगळे श्वास रोखून बघतात. "ह्यो घ्या. दोन तवा, दोन तंदूर. आन् काटं कमी बघा," असा हुकूम सुटतो. काटे कमी करणं वेटरच्या हातात नसतं, पण तोही "हो साहेब" म्हणतो. मासे येईपर्यंत शेठ माहिती देतो: 2023 साली सरकारनं चंदेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत जातं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. दोन्ही गोष्टी बिनचूक. त्यावरून समोरची सुरमई आपल्याच पाण्यावर पोसलेली आहे, हा निष्कर्ष मात्र शेठचा स्वतःचा.

कुणी म्हणेल, अज्ञानाच्या जोरावर मिरवणाऱ्याचं कौतुक कशाला? पण या मिरवण्याचा फायदा कुणाला होतो ते बघायला हवं. जत्रेचं मटण पुरुष रांधतात आणि पुरुषच आधी जेवतात. घरच्या मटणाला शेठची बायको दोन तास चुलीपुढे असते आणि शेवटी तळाचा रस्सा घेऊन बसते. समुद्राकाठी ती पहिल्या पंगतीला, नवऱ्याच्या शेजारी, गरम गरम खाते. कुणी "अगं, वाढ" म्हणत नाही, कारण वाढायला दुसरा माणूस उभा आहे. म्हातारी सोलकढी घोटभर पिऊन "ताक नासलंय" म्हणते, भाकरी मागते, ती मिळते आणि तीही खूश होते. एवढं घडवून आणायला हॉटेलच लागतं, आणि बायकोनं "यापेक्षा मी घरी बरं केलं असतं" म्हणू नये यासाठी माशासारखा पदार्थ लागतो. शेठ हे विचार करून करतो, असं मी म्हणणार नाही. परिणाम तोच आहे.

या व्यवस्थेला खरा धोका एकच: कोकणातली सून. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरानं मालवणची मुलगी केली की पहिल्याच बेताला ती थाळ्याकडे लांबूनच बघते आणि हळूच म्हणते, "बाबा, हे नको. बांगडे चांगले आहेत, तेच सांगूया." पुढे ती माशाचं डोकं मागून घेते आणि बोलता बोलता काटे ताटाच्या कडेला रचत जाते, तेव्हा शेठच्या पंचवीस वर्षांच्या अधिकाराला ओहोटी लागते. पण पिरंगुटचा माणूस हार मानत नाही. तो मेनूकार्ड सुनेकडे सरकवतो आणि स्वतःसाठी खेकडा मागवतो. खेकड्यासोबत चिमटा आणि गळ्यात बांधायचा कागदी रुमाल येतो. शेठ दोन्ही बाजूला ठेवतो, नांगी दाढेखाली घेतो आणि कडकन फोडतो. इथं कुणाचं शिकवणं चालायचं नाही. मुळशीतल्या भातखाचरांच्या बांधावर, पहिल्या पावसात, बॅटरी घेऊन धरलेले खेकडे त्यानं लहानपणापासून फुकट खाल्लेत. वेटर बिल घेऊन आल्यावर तो फक्त तेवढीच ओळ वाचतो आणि सुनेला विचारतो, "तुमच्याकडं खेकडा काय भावानं?" ती आकडा सांगते. मग दोघं मिळून मॅनेजरला बोलावतात.