चिंचेची सरकारी नोंद

चिंचेवरून ज्याचे नाव पडले, त्या नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यास झाडाझुडपांचे मोल कळावे, म्हणून सरकारने २००२ साली जैवविविधता अधिनियम केला, ही सरकारची मेहेरबानीच म्हणावयाची. (चिंच मूळची आफ्रिकेतली, तिच्याकडे रहिवासाचा दाखला अद्याप कोणी मागितला नाही, हेही नशीब.) या कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमावी आणि कंदमुळे, औषधी, बियाणी यांची लोकजैवविविधता नोंदवही लोकांच्या तोंडून सिद्ध करावी, असा दंडक आहे, म्हणजे ज्या भिल्ल-मावचींच्या पणजोबांना १८७८ च्या वन कायद्याने आपल्याच रानात उपरे ठरविले, त्यांच्याच पणतवंडांनी आता त्या रानाची जबानी कारकुनापुढे द्यावयाची. सतरा वर्षे बहुतेक दप्तरे निद्रिस्त होती. पण ३१ जानेवारी २०२० ची मुदत चुकविणाऱ्या राज्यास दरमहा दहा लाखांचा भुर्दंड, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फर्माविताच देशभर नोंदवह्यांचे अमाप पीक आले. पाऊसही इतका वक्तशीर नसतो. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने हाच कायदा मोडणाऱ्याची पाच वर्षांपर्यंतची कैद रद्द झाली. आता ते प्रकरण दंडावर निभावते.