यवतमाळ दौरा : होतकरू नेत्यांसाठी मार्गदर्शिका

कळवळा दाखवायचा असेल, तर होतकरू नेत्याने पहिला दौरा यवतमाळचा आखावा. इथे नेपथ्यावर खर्च नाही. कोरडवाहू पऱ्हाटी आहे, थकलेलं पीककर्ज आहे आणि महागाव तालुक्यात चिलगव्हाण आहे. तिथल्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. नेत्याने सोबत फक्त चेहरा आणायचा.

सुरुवात चहाने करावी. 20 मार्च 2014 रोजी नरेंद्र मोदींनी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत ‘चाय पे चर्चा’ केली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीच्या जाहीरनाम्यात भाजपने उत्पादन खर्चावर किमान 50 टक्के नफ्याचा शब्द दिला. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, असा हमीभाव दिला तर बाजार बिघडू शकतो. अशा वेळी नवखा नेता घाबरतो. मुरलेला नेता शब्द मोडत नाही, खर्च बदलतो. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला. हिशेबात बियाणं, खतं, मजुरी, घरच्यांचे श्रम धरले. जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज तेवढं गळालं. शेतकरी संघटना ओरडल्या, पण दीडपट ती दीडपटच. हा धडा पाठ करावा, कुठल्याही पक्षात कामी येतो. तरीही भावाचा विषय निघालाच, तर हप्ता सोडावा. 28 फेब्रुवारी 2024 रोजी मोदी पुन्हा यवतमाळला आले, ते पीएम-किसानचा सोळावा हप्ता घेऊन. खातेदारामागे 2000 रुपये.

आता पात्रनिवड. गर्दीचं दुःख कॅमेऱ्यात मावत नाही, म्हणून एकच घर निवडावं. राहुल गांधींनी जळका गावातल्या एका शेतकरी विधवेची भेट घेतली आणि 22 जुलै 2008 रोजी लोकसभेत तिची कहाणी सांगितली. निमित्त काय, तर अणुकराराचं. पात्र चांगलं असलं की विरोधकही उसनं घेतात. ऑगस्ट 2023 मध्ये अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनी तिला घर, वीज, गॅस मोदींनी दिल्याचं सांगितलं. लगेच बाईंनी मदत राहुल गांधींकडून झाल्याचं जाहीर केलं. ज्याच्यावर बोलायचं त्याला आधी विचारू नये हे ठीक, पण नंतर त्याच्यासमोर माइक जाऊ देऊ नये, ही खबरदारी दोन्ही बाजूंनी घ्यावी.

चीड दाखवायची असेल, तर हेलिपॅड उत्तम. 11 नोव्हेंबर 2024 रोजी, विधानसभेच्या प्रचारात, वणीत उद्धव ठाकरेंची बॅग तपासली गेली. त्यांनी चित्रीकरण स्वतः केलं आणि मोदी-शहांच्या बॅगा तपासता का, असं अधिकाऱ्यांना विचारलं. भाजपनेही फडणवीसांची बॅग तपासल्याचा व्हिडिओ काढला, तोही याच जिल्ह्यातला. बारामतीत अजित पवारांच्या सामानात चकल्या निघाल्या. कापसाच्या भावाचं काय, हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. यालाच यशस्वी प्रचार म्हणतात.

सर्वांत मोठी चूक मात्र टाळावी : तारीख देऊ नये. ती चूक इथल्याच, पुसदच्या वसंतराव नाईकांनी केली. मुख्यमंत्री असताना 1965 मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावर त्यांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर फाशी घेण्याची भाषा केली. एवढा स्वच्छ करार मतदाराशी करणं धोक्याचं. लोक कॅलेंडर काढून बसतात. नाईकांना संकरित वाणांच्या मागे लागावं लागलं.

अगदीच नाइलाज झाला, तर तारीख कशाची द्यायची हे नीट ठरवावं. ऑक्टोबर 2025 मध्ये बच्चू कडूंच्या नागपूर आंदोलनानंतर सरकारने 30 जून 2026 ही तारीख दिली. ती कर्जमाफीवर निर्णय घेण्याची होती. कर्ज माफ होण्याची नव्हे.