कानाने मोजलेली मतं

एक सोपा प्रश्न. सौर ऊर्जेच्या विषयावर तुमच्या आमदाराने विधानसभेत काय मत दिलं?

मोहाडीच्या बसस्थानकावर हा प्रश्न विचारून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग हातातल्या चहाकडे, आणि म्हणेल, "आमदार कुठं मत देते जी? मत तर आपण देतो!"

हसू नका. माणूस बरोबर बोलतोय.

मोहाडी म्हणजे विधानसभेचा साठ क्रमांकाचा तुमसर मतदारसंघ. भंडारा जिल्ह्याचे आमदार तीन, राज्याचे २८८. यातल्या कोणी कुठल्या विधेयकाला हात वर केला, हे शोधायला कार्यवाहीचे जाडजूड खंड उघडा. बहुतेक ठिकाणी एकच वाक्य सापडेल : प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला. कोण 'होय' म्हणालं, कोण 'नाही' म्हणालं, कोण त्या वेळी कॅन्टीनमध्ये होतं? खंड जाडजूड असला तरी तोंड शिवलेलं.

पद्धत अशी. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. दोन्हीकडून गलका होतो. अध्यक्ष कान देतात आणि जाहीर करतात, होयचे बहुमत. एखाद्या सदस्याने 'पोल' मागितला, तरच डोकी मोजायची.

मागतो कोण?

या कानाच्या गणिताशी भंडारा जिल्ह्याची ओळख जुनी आहे. साकोलीचे नाना पटोले डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२१ विधानसभेचे अध्यक्ष होते. हेच पटोले २०२४ साली साकोलीतून निवडून आले ते २०८ मतांनी. म्हणजे आमची मतं टपालाची पाकिटं फोडून, प्रतिनिधी समोर बसवून, शेवटच्या एका मतापर्यंत मोजायची. आणि आमच्या मतांवर निवडून गेलेल्यांची?

अंदाजपंचे दाहोदरसे.

कोणाला वाटेल, किरकोळ विधेयकांचं ठीक आहे, मोठ्या प्रसंगी मोजत असतील. १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव. विरोधक मतविभागणीसाठी घसा फोडत होते आणि ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. सरकार राहणार की जाणार हेसुद्धा जिथे कानावर ठरतं, तिथे सौरपंप किस झाड की पत्ती?

मोजता येत नाही असंही नाही. लोकसभेने २०२३ साली महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा आकडा बाहेर आला ४५४ विरुद्ध २. ते दोघे कोण, हेही देशाला कळलं. घटनादुरुस्ती होती, मोजणं भाग होतं. भाग पडलं की आपल्याकडे सगळ्यांना अंकगणित येतं.

आता मोहाडीला विजेचं एवढं काय पडलंय? नकाशा उघडा. एका अंगाला मौद्याचं औष्णिक केंद्र, २,३२० मेगावॉट. दुसऱ्या अंगाला तिरोड्याचं, ३,३०० मेगावॉट. दोन्हीकडे कोळसा धडधडतोय. मधल्या तालुक्यातला धानवाला उन्हाळी धानाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन अंधारात बांधीवर जातो, कारण वाहिनीची पाळी रात्रीची आहे. पायाखाली साप, आणि जंगलाच्या कडेला वाघ-बिबट्याची धास्ती.

दिव्याखाली अंधार ही म्हण इथे भूगोलाच्या पुस्तकात छापायला हरकत नाही.

म्हणून सूर्य आला. दिवसा उगवतो, पाळी लावत नाही, बिल पाठवत नाही. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यावर साडेसातचा. सातबारा बघून पंप ठरतो.

पाणी किती खोल गेलंय, हे सातबाऱ्यावर नसतं.

शिवाय धान म्हणजे ज्वारी नव्हे. बांधीत पाणी उभं राहावं लागतं. रोवणीच्या तोंडावर पावसाने दडी मारली आणि आभाळ मात्र भरलेलं, असे दिवस इथे नवे नाहीत. पंप आभाळाकडे बघतो, शेतकरी पंपाकडे बघतो. उन्हाळ्यात हाच पंप राजासारखा चालेल. पण मग विहिरीत पाणी हवं.

योजना वाईट आहे का? नाही. वाद घालण्यासारखी आहे का? भरपूर. तो वाद कुठे व्हायला हवा? तुम्हीच सांगा, २८८ माणसं आपण कशासाठी पाठवतो?

पण बहुतेक सूर्य सभागृहाला वळसा घालूनच येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, शासन निर्णयाने. २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॉटचं लक्ष्य सांगणारं अपारंपरिक ऊर्जेचं धोरण २०२० साली आलं, तेही शासन निर्णयाने. वीज कंपन्यांनी हरित वीज किती टक्के घ्यायची, ते २००३ च्या वीज कायद्याने नियामक आयोगाच्या हाती दिलंय. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. पैशाच्या मागण्या सभागृहापुढे येतात, हे खरं. त्या कशा मंजूर होतात?

होय. होय. होयचे बहुमत.

एका ठिकाणी मात्र सभागृहाला टाळता येत नाही. कर. कायद्याशिवाय कर लावता येत नाही, असं राज्यघटनाच सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की उद्योग आणि व्यापाराच्या विजेवर जादा विक्रीकर घ्यायचा आणि त्या पैशातून सौर कृषिपंप लावायचे. ऐकायला सोपं. एकाच्या मीटरमधून काढायचं, दुसऱ्याच्या विहिरीवर लावायचं.

आता हाच हिशेब तुमसर-मोहाडीत मांडा. वरठीला पोलादाचा कारखाना. तुमसरला भातगिरण्या, औद्योगिक दराने वीज घेणाऱ्या. आणि आजूबाजूला धानाच्या बांध्या. कर भरणारा गिरणीवाला याच मतदारसंघातला. पंप मागणारा धानवालाही याच मतदारसंघातला. एकाने दुसऱ्याचा धान घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या दारात बैलबंडी नाही तर ट्रॅक्टर लावायचा. इथल्या आमदाराने कोणाच्या बाजूने उभं राहायचं?

नोंदवून मत द्यायचं तर छाती लागते. आवाजी मतदानाला घसा पुरतो.

अमेरिकेत म्हणे राज्यांच्या आमदारांची मतं नावानिशी छापतात. तिथले अभ्यासक मग बसतात मांडणी करत. पक्ष कुठला, मतदारसंघात कोळशाची खाण आहे का, वारा किती वाहतो, देणगी कोणी दिली, आणि या सगळ्यावरून आमदाराने हरित विजेच्या कायद्याला मत दिलं की नाही. आयोवाने १९८३ सालीच असा कायदा केला. तेलाच्या टेक्सासने १९९९ साली केला, आणि त्यावर सही कोणाची? गव्हर्नर जॉर्ज बुश यांची. आकडे असले की असे धक्के बसतात.

आपल्याकडचा अभ्यासक या विषयावर पीएच.डी. करायला बसला, तर प्रबंध एका शब्दात संपेल. होय.

आमदारांचीही एक बाजू आहे, तीही ऐकू. १९८५ साली घटनेत दहावी अनुसूची आली. पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं की आमदारकीवर गदा. म्हणजे मत आमदाराचं, पण त्याची किल्ली प्रतोदाच्या खिशात. गंमत बघा, अपारंपरिक ऊर्जा वाढवण्यासाठी राज्यात महाऊर्जा ही संस्था स्थापन झाली, तीही १९८५ सालीच.

सूर्याला कार्यालय मिळालं, त्याच वर्षी आमदाराला कुलूप लागलं.

पण कुलूप हाताला आहे, तोंडाला नाही. व्हिप मोडू नका. 'पोल' मागायला कोणता व्हिप आडवा येतो? "आमच्या पक्षासह सगळ्यांची मतं नोंदवा" एवढं म्हणायला कोणती अनुसूची रोखते? सत्ताधाऱ्यांना गरज वाटत नाही, कारण बहुमत आहे. विरोधकांनाही बहुतेक वेळा वाटत नाही, कारण नोंद झाली की शेतकऱ्यांच्या पंपाविरुद्ध मत दिलं म्हणून पोस्टर लागेल. दोघांचं मतभेदांवर एकमत आहे : ते मोजू नयेत.

आणि आपण? आपण तरी कधी विचारलं? धानाचा बोनस कधी, एवढंच आपण विचारतो. हिवाळी अधिवेशनात २०२२ साली हेक्टरी पंधरा हजार जाहीर झाले, २०२३ साली वीस हजार. घोषणा झाली की आपण खूश. घोषणेला मत लागत नाही, टाळ्या लागतात. टाळ्या वाजवणाऱ्यांना हिशेब कोण देणार?

लग्नाला आला, तेराव्याला आला, डीपी जळाली तेव्हा फोन उचलला. आमदार चांगला. आपली तपासणी इथे संपते. तो सभागृहात काय करतो, हे विचारणं आपल्याला पाहुण्याच्या ताटात डोकावण्यासारखं वाटतं. पण ताट आपलं आहे, वाढलेलंही आपलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी आमदार भूमिपूजनाला आले की रस्त्याचं विचारा, बोनसचं विचारा, आणि जाता जाता एक जादा विचारा. "विजेवरच्या कराचं एखादं विधेयक आलं तर पोल मागाल का जी?" चेहरा बघण्यासारखा होईल.

नाहीच काही उत्तर मिळालं, तरी नागपूर लांब नाही. १९५३ च्या नागपूर कराराची पुण्याई, डिसेंबरात अख्खं विधिमंडळ आपल्या दाराशी येतं. गॅलरीच्या पाससाठी आमदाराचीच शिफारस लागते. ती घ्या, जाऊन बसा, आणि 'होय'चा गलका झाला की खाली हजर असलेली डोकी मोजून कागदावर लिहून आणा.

गॅलरीत बोलायला मनाई आहे. मोजायला नाही.